सरळ रेघ, तिरका पाऊस

(दृश्य: रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा नकाशा. एक लाल रेघ हळूहळू खाली सरकते.)

रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर. कोकण रेल्वेचा मार्ग, सुमारे ७४० किलोमीटर. या रेघेसाठी कोकणातल्या दोन पिढ्या भांडल्या. अ. ब. वालावलकरांनी ती कागदावर आणली, बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. अडत होतं ते पैशापाशी. दरवर्षी रेल्वे अर्थसंकल्पातून मिळेल तेवढ्यावर मार्ग करायचा म्हटलं, तर तिसरी पिढीही वाट पाहत राहिली असती.

१९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. असा योग पुन्हा येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. जुलैमध्ये वेगळी कंपनी निघाली. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा करायचा. प्रमुख म्हणून आले ई. श्रीधरन, भारतीय रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले.

श्रीधरन यांच्या शिस्तीबद्दल भरपूर बोललं जातं. त्या शिस्तीच्या मागे उभं असलेलं व्याज मात्र कुणी दाखवत नाही. कर्जाच्या पैशावर काम चालतं, तेव्हा टेबलावर पडून राहिलेल्या फायलीचंही भाडं भरावं लागतं. झटपट निर्णय घेणं ही त्या कंपनीची गरजच होती.

(दृश्य: पानवलचा पूल, दरीच्या तळातून.)

सगळ्यांत मोठा निर्णय होता मार्गाचा. डोंगराच्या कडेकडेने, वळणं घेत जाणारी गाडी स्वस्तात पडली असती, पण रखडत चालली असती. ठरलं ते उलट. चढ १५० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नाही. वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नाही. आखणी ताशी १६० किलोमीटर वेगाची.

आता सह्याद्रीचे फाटे आडवे समुद्राकडे उतरतात आणि रेघ जाते उभी. म्हणजे डोंगर आला की बोगदा किंवा कटिंग (डोंगर वरून कापून काढलेली वाट), नदी आली की पूल. एकूण ९१ बोगदे. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटर लांब. लहानमोठे पूल जवळपास दोन हजार. आणि हा पानवलचा, ६४ मीटर उंच.

गोव्यात रेघ अडली. खाजन शेतीतून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतून, आणि जुन्या गोव्याच्या जवळून जाणारा मार्ग लोकांना नको होता. आत, डोंगराकडून न्या, अशी मागणी होती. आंदोलन पेटलं, १९९३ मध्ये काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला. शेवटी मार्ग जवळपास होता तोच राहिला. विरोध करणारे विकासाच्या आड आले, असं आज सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. खाजनात भरतीचं पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हे तिथल्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. त्याला विचारण्याची पायरी मार्ग ठरल्यानंतर आली, आधी नाही.

(दृश्य: पेडणे बोगद्याचं तोंड. पाणी ठिबकतंय.)

कठीण खडकाने फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला मऊ मातीने. गोव्यातल्या पेडण्याला खणावं तितकी माती खाली येई. सगळा मार्ग तयार होऊन या एका बोगद्यासाठी थांबला होता. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरून गाडी धावली. तोवर या कामावर ७४ माणसं गेली होती. त्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकावर आहे. आणि पेडण्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे बोगद्याच्या आतली भिंत कोसळली. जुलै २०२४ मध्ये रुळांवर पाणी आलं आणि गाड्या रद्द कराव्या लागल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या.

पण खरी परीक्षा कटिंगची होती. डोंगर कापताना बाजू जितकी उभी ठेवाल तितकी खोदाई कमी, जमीन कमी, वेळ कमी. उद्घाटनाच्या दिवशी अशी कटिंग 'काम पूर्ण' या रकान्यात जाते. पावसाला तो रकाना माहीत नसतो.

२२ जून २००३ची रात्र. वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली होती. कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टी विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. कारण तेच, रुळांवर आलेले दगड. पुन्हा मृत्यू.

(दृश्य: पावसात हातात दिवा घेऊन चालणारा गस्तवाला.)

यानंतरचा निर्णय मला मूळ आखणीपेक्षा अवघड वाटतो. उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, भिंती बांधल्या, ते झालंच. पण ज्या कंपनीची ओळखच वेग ही होती, तिने ठरवलं की पावसाळ्यात आपण हळू चालायचं. १० जून ते ३१ ऑक्टोबर, वेगळं वेळापत्रक. जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटर. माणगावपासून उडुपीपर्यंत नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर वारा मोजणारी यंत्रं. रात्रभर गस्त.

याची किंमत कोण देतं, तेही पाहू. मुंबई–मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत पोचते, आठवड्यातले सहा दिवस. पावसाळ्यात तिलाच दहा तास लागतात, आणि ती धावते तीन दिवस. गणपतीही नेमके याच काळात येतात. चाकरमान्यांची सर्वांत मोठी झुंबड आणि गाडीचा सर्वांत कमी वेग, दोन्ही एकाच पंधरवड्यात. वर मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला थांबणं आलंच. फलाटावर लोक शिव्या देतात. देणारच. न आलेल्या दरडीबद्दल कुणी आभार मानत नाही.

दुहेरीकरण रोहा ते वीर, सुमारे ४७ किलोमीटर, २०२१ मध्ये झालं. पुढचं पैशाअभावी अडलंय. पाच मालकांच्या कंपनीत भांडवल वाढवायचं, तर प्रत्येकाच्या दारात जावं लागतं. २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला होकार दिला. नाव 'कोकण रेल्वे'च राहावं, ही अट घालून.

त्याच वर्षी पावसाळी वेळापत्रकही आखडलं. आता १५ जून ते २० ऑक्टोबर. वीस वर्षं जाळ्या, भिंती आणि गस्त घातल्यावर हाती लागले सोळा दिवस. गणपती मात्र त्या सोळा दिवसांत कधीच येत नाहीत.