साझाए-सान: चार चौकटींतले कुटुंब

(दृश्य: साकुराशिनमाची स्थानक, टोकियो)

टोकियोच्या सेतागाया भागातील या स्थानकाच्या परिसरात २०१२ पासून ‘साझाए-सान’ या चार चौकटींच्या जपानी व्यंगचित्रमालिकेतल्या कुटुंबाचे पुतळे उभे आहेत. टकलावर एकुलता एक केस मिरवणारे हे गृहस्थ म्हणजे घरातले वडीलधारे, नामिहेई इसोनो. पुतळा बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत तो केस कोणीतरी उपटून नेला आणि तो नव्याने बसवावा लागला.

नामिहेई आणि त्यांची पत्नी फुने यांची थोरली लेक साझाए हीच या व्यंगचित्रमालिकेची नायिका. तिची भावंडे कात्सुओ व वाकामे अजून शाळेत जातात, त्यामुळे तिच्या छोट्या मुलाला, ताराला, खोड्या काढणारा शाळकरी मामा आणि मावशी घरातच लाभली आहेत. साझाएचा नवरा मासुओ सासुरवाडीत राहतो, पण त्याने आपले फुगुता हे आडनाव सोडलेले नाही. पूर्वी हे जोडपे भाड्याच्या घरात वेगळे राहत असे. परंतु मासुओने सरपणासाठी घरमालकाचे लाकडी कुंपणच करवतीने कापल्यामुळे दोघांना ते घर सोडावे लागले. पत्नीच्या माहेरी राहणाऱ्या जावयाला जपानमध्ये आजही ‘मासुओ-सान’ म्हणतात.

(दृश्य: फुकुओका, साझाए-सान मार्ग)

ही पात्रे ज्या मोमोची किनाऱ्यावर फिरताना मालिकेच्या चित्रकार माचिको हासेगावा यांना सुचली, तिथला समुद्र भराव घातल्यामुळे आता दूर गेला आहे. साझाए हा समुद्री शंख, कात्सुओ, मासुओ आणि तारा हे मासे, वाकामे ही समुद्रातली खाद्य वनस्पती आणि फुने म्हणजे होडी, असा सगळा गोतावळा त्या किनाऱ्यानेच दिला. २२ एप्रिल १९४६ रोजी फुकुओकातील एका सायंदैनिकात मालिका सुरू झाली. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते आणि अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते. सुरुवातीच्या चौकटींतला विनोद त्या टंचाईतूनच उगवला आहे, आणि आमच्या मते खरी साझाए तीच.

वडिलांच्या निधनानंतर हासेगावांच्या घरी आई आणि तीन बहिणी, एवढ्याच राहिल्या होत्या. मुलींनी टोकियोला जाऊन स्वतःच पुस्तक काढावे, असा आग्रह धरून आईने फुकुओकातील घर विकले आणि बहिणींनी ‘शिमाइशा’ ही प्रकाशनसंस्था उभारली. पहिला खंड आडव्या, मोठ्या आकारात छापला गेला. तो दुकानांच्या फळ्यांवर नीट बसेना, म्हणून प्रती पडून राहिल्या. नेहमीच्या लहान आकारात काढलेला दुसरा खंड खपू लागला, तेव्हा कुठे पहिल्यालाही गिऱ्हाईक मिळाले. ज्यांच्या घरी कर्ता पुरुष नव्हता, त्यांच्या हातून नामिहेईंसारखा तापट, पण पोरांपुढे वारंवार फजित होणारा बाप इतका जिवंत उतरावा, याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

(दृश्य: हासेगावा माचिको कलासंग्रहालय, विटकरी दर्शनी भाग)

१९५१ पासून ‘असाही शिंबुन’च्या सकाळच्या अंकात ही मालिका येऊ लागली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये थांबली. दूरचित्रवाणीवर १९६९ साली सुरू झालेली साझाए मात्र दर रविवारी संध्याकाळी येतच असते. तिथे नामिहेई कायम ५४ वर्षांचे आणि साझाए २४ वर्षांची आहे. हासेगावांचे १९९२ साली निधन झाले आणि जपान सरकारने त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय जनसन्मान दिला.