अर्धवट वाटलेली रेकॉर्ड

(पडद्यावर: एक जुनी गिटार, अगदी जवळून.)

आधी हे भोक बघा. मार्टिन कंपनीची ही गिटार, नायलॉनच्या तारांची. अशी गिटार बोटांनी छेडायची असते, म्हणून तिच्या अंगावर ओरखडे झेलणारी पट्टी बसवलेली नसते. हिच्या मालकाने मात्र तिला पिकनेच, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने वाजवलं. घासून घासून लाकूड झिजलं आणि मूळ गोल भोकाशेजारी दुसरं भगदाड पडलं. १९६९ साली ७५० डॉलरला, न बघताच घेतलेली. नाव ट्रिगर, सिनेमातल्या रॉय रॉजर्सच्या घोड्यावरून. मालक, काउंट्री, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या वळणाचं संगीत गाणारा विली नेल्सन.

१९७५ साली आलेल्या त्याच्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ (तांबड्या केसांचा परका) या अल्बमवर जागोजागी हीच गिटार ऐकू येते.

(नॅशव्हिल. जुने स्टुडिओ, रेकॉर्डची कव्हरं.)

विली तेव्हा नवखा नव्हता. १९६१ साली पॅट्सी क्लाइनने गाजवलेलं ‘क्रेझी’ त्याचंच. त्याच वर्षी फॅरन यंगने गायलेलं ‘हॅलो वॉल्स’ही त्याचंच. गाणी लिहिणारा म्हणून नॅशव्हिलमध्ये, काउंट्रीच्या या राजधानीत, मान होता, पण गायक म्हणून गाडी पुढे सरकत नव्हती. तिथल्या स्टुडिओंचा साचा ठरलेला होता: मागे व्हायोलिनचा ताफा, त्याच्याही मागे कोरस, सगळं कसं गुळगुळीत. आणि या माणसाचा आवाज नाकातला, ठेक्याच्या कधी मागे रेंगाळणारा, कधी पुढे निघून जाणारा. ठुमरी ऐकलेल्या कानाला यात काही वावगं वाटणार नाही. ठेका पक्का असल्याशिवाय असं खेळता येत नाही. नॅशव्हिलला मात्र ते पचत नव्हतं.

१९७० च्या डिसेंबरात नॅशव्हिलजवळच्या रिजटॉपचं त्याचं घर जळालं. त्या आगीतून ट्रिगर वाचली. विली टेक्सासला परतला. ऑस्टिनमध्ये लांब केसांची हिप्पी पोरं आणि काउबॉय टोप्या घातलेले लोक एकाच हॉलमध्ये त्याला ऐकायला येऊ लागले. पुढे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि त्यात विलीने एक गोष्ट पदरात पाडून घेतली: रेकॉर्डमध्ये काय राहील, काय जाईल, यात शेवटचा शब्द त्याचा.

(रस्ता. मोटारीच्या काचेतून दिसणारे डोंगर.)

अल्बमची कल्पना मोटारीत सुचली. कोलोरॅडोहून टेक्सासला परतताना पत्नी कॉनीने जुन्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ गाण्याची आठवण काढली. फोर्टवर्थच्या रेडिओवर काम करत असताना विली ते मुलांसाठी लावायचा. घरी स्वतःच्या पोरांना झोपवताना गायचा. गंमत म्हणजे हे रांगडं काउबॉय गाणं लिहिणाऱ्या जोडीतल्या एडिथ लिंडमन या व्हर्जिनियातल्या वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहीत.

त्या एका गाण्याभोवती विलीने अख्खं आख्यान रचलं. एक धर्मोपदेशक. बायको दुसऱ्याबरोबर निघून जाते. हा दोघांना गाठून ठार करतो आणि काळ्या घोड्यावर बसून भटकत राहतो, सोबत तिचं तांबडं तट्टू. एका गावात पिवळ्या केसांची एक बाई त्या तट्टूला हात लावते, आणि तीही मरते. घोडा चोरायला निघालेल्या बाईला मारलं म्हणून कुणाला फाशी देता येत नाही, एवढं सांगून गाणं पुढे जातं. आज ऐकताना हे खटकतं. मला तरी खटकतंच. विली त्याची बाजू घेत नाही, पण त्याला दोषही देत नाही. कीर्तनकार चाल बदलून पुन्हा मूळ पदावर येतो, तसं ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे गाणं अधूनमधून परत येतं आणि गोष्टीचा धागा जोडून ठेवतं.

(स्टुडिओ. रिकाम्या खुर्च्या, एक पियानो.)

ध्वनिमुद्रण जानेवारी १९७५ मध्ये झालं, डॅलसजवळच्या गारलंड गावातल्या ऑटम साउंड स्टुडिओत. खर्च सुमारे ४,००० डॉलर. पियानोवर बहीण बॉबी, माउथ ऑर्गनवर मिकी राफाएल, ड्रमवर पॉल इंग्लिश. आणि बऱ्याच ठिकाणी हे सगळे नुसते बसून आहेत. गिटारची एक ओळ, मग शांतता, मग आवाज. पियानो येतो तो घरातल्या बैठकीच्या खोलीत कुणी सहज बसावं तसा.

टेप कोलंबियाच्या साहेबांसमोर वाजली. त्यांना वाटलं, हा कच्चा नमुना असणार, वाद्यं नंतर भरतील. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. त्या काळी काउंट्रीची रेकॉर्ड अशी नसायचीच. पण करारातलं ते कलम आड आलं. मे महिन्यात रेकॉर्ड होती तशी बाजारात गेली.

(रेडिओ. सुई तबकडीवर उतरते.)

‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझचं गाणं १९४० च्या दशकात रॉय अकफने रेकॉर्ड केलेलं. तीस वर्षं होत आलेलं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. विलीने ते जवळजवळ काहीही न करता गायलं, आणि १९७५ च्या शरद ऋतूत ते काउंट्रीच्या यादीत पहिलं आलं. गायक म्हणून त्याचा हा पहिला पहिला नंबर. वय ४२. ग्रॅमीही त्याच गाण्याला मिळालं. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत अख्खा अल्बम घेतला.

(पुन्हा गिटार. भोकाच्या कडेवर प्रकाश.)

एकूण तेहतीस-चौतीस मिनिटांचा मामला. शेवटचा तुकडा ‘बँडेरा’, टेक्सासमधल्या एका गावाच्या नावाचा. शब्द नाहीत. गोष्ट त्याच्या आधीच्या गाण्यात संपलेली असते, इथे कुणी काही बोलत नाही. ऐका.

(निवेदन थांबतं. गाणं चालू राहतं.)