सूडाचा परवाना

मित्रहो, प्रास्ताविकात या चित्रपटांना 'रक्ताचे सडे' म्हटलं गेलं. त्यात काही खोटं नाही. जपानमधल्या १९७०च्या दशकातल्या या सूडपटांत रक्त कारंज्यासारखं उडतं, आणि तेही इतकं लालभडक की ते रंगाच्या डब्यातून आलंय हे कुणीही सांगेल. पण नुसत्या रक्तावर पन्नास वर्षं कुणी टिकत नाही. त्याच काळातले, तितकेच रक्ताळलेले कितीतरी पट आज कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

हे सिनेमे निघाले ते पोटासाठी. १९५८ साली जपानमध्ये ११० कोटींहून जास्त तिकिटं खपली होती. १९७२ साली २० कोटीसुद्धा खपली नाहीत. टीव्ही घरोघरी पोचला होता. १९७१ संपता संपता दाएई या चित्रपट कंपनीचं दिवाळं वाजलं, निक्कात्सू या दुसऱ्या कंपनीने शृंगारपटांचा धंदा धरला. तिथली नायिका मेको काजी ते करायला तयार नव्हती, म्हणून ती तोएई या तिसऱ्या कंपनीकडे गेली. तोएईचं गणितही काही फार सोवळं नव्हतं म्हणा! टीव्हीवर जे दिसणार नाही ते दाखवायचं.

तिथे १९७२ मध्ये शुन्या इतो या दिग्दर्शकाने आपल्या पहिल्याच चित्रपटात तिला 'सासोरी', म्हणजे विंचू केलं. प्रियकर असलेल्या पोलीस अधिकाऱ्यानेच दगा दिलेली, तुरुंगात खितपत पडलेली नामी. मूळ चित्रकथेतली नामी शिवराळ आहे. काजीने ती जवळजवळ मुकी केली. मारा, टांगा, खड्ड्यात टाका, ती फक्त बघते. ते बघणं असं की प्रेक्षकानेच नजर खाली घालावी. इतोने दग्याचा प्रसंग तर रंगमंचासारखा फिरता ठेवलाय, आणि कॅमेरा थेट काचेच्या जमिनीखाली. ही कला आहे, मान्य. पण तोच कॅमेरा अत्याचार तिकिटासाठी विकतो, हेही मान्य करा. दिग्दर्शक हुशार निघाला म्हणून पाप धुतलं जात नाही.

मला जास्त बोलायचंय ते १९७३च्या 'शुरायुकिहिमे'विषयी, म्हणजे इंग्रजीतल्या 'लेडी स्नोब्लड'विषयी. यातही नायिका काजीच. काझुओ कोइके आणि काझुओ कामिमुरा यांच्या चित्रकथेवरून तोशिया फुजिताने केलेला हा चित्रपट. गोष्ट मेइजी काळातली, म्हणजे सत्ता सामुराईंकडून सम्राटाच्या सरकारकडे आल्यानंतरची; सुरुवात १८७३च्या आसपासची. या सालाकडे लक्ष द्या. त्या वर्षी सरकारने सक्तीची लष्करभरती आणली. २७० येन भरले की सूट, म्हणजे गरिबाची सुटका नाहीच. फर्मानात 'रक्तकर' असा शब्द होता; आता आपलं रक्त काढून नेणार, अशी आवई खेड्यांत उठली आणि दंगली झाल्या. चित्रपटात चार भामटे याच भीतीचा फायदा उठवतात. पांढऱ्या कपड्यांतल्या एका निरुपद्रवी शिक्षकाला सरकारी माणूस ठरवून मारून टाकतात. त्याच्या बायकोवर अत्याचार होतो. ती चौघांपैकी एकाला संपवते, तुरुंगात जाते आणि उरलेल्यांचा हिशोब चुकता करायला तिथेच मुलीला जन्म देते.

आणि त्याच १८७३ मध्ये, फेब्रुवारीत, सरकारने सूडावर बंदी घातली. त्याआधी एदो काळात, म्हणजे सामुराईंच्या राजवटीत, सामुराई घराण्यातल्या मुलाला बापाचा सूड घ्यायचा तर रीतसर नोंद करून परवानगी मिळत असे! आता न्याय फक्त सरकार करणार. पण या आईला न्याय कुठे मिळाला? तिला कोठडी मिळाली. तेव्हा तिची ती मुलगी, युकी, छत्रीच्या दांड्यात तलवार लपवून निघते, ती फक्त तीन माणसांच्या मागे नसते. सरकारने हक्क काढून घेतला, मोबदल्यात दिलं काहीच नाही, तो राग तिच्या मागे आहे. सासोरीच्या समोरही पोलीस आणि तुरुंगच उभे आहेत. हे चित्रपट टिकतात ते यामुळे, असं माझं मत.

त्यात लेखकाची नजर निर्मळ आहे. युकी एका शत्रूला मारते. तो कफल्लक, दारुडा झालेला असतो आणि त्याची पोर कोबुए त्याला पोसत असते. पोरीच्या लेखी युकी ही बापाची खुनी. शेवटी बर्फात सुरा घेऊन येते ती हीच. युकीचं सगळं आयुष्य ज्या नियमावर उभं आहे, तोच नियम तिच्यावर चालून येतो, आणि आपण कुणाच्या बाजूने राहायचं ते कळत नाही.

'किल बिल' (२००३) मध्ये अमेरिकन दिग्दर्शक टॅरेन्टिनोने यातलं बर्फातलं द्वंद्व घेतलं, काजीची दोन गाणी घेतली, गोष्ट प्रकरणांत मांडायची पद्धतही उचलली. झकास घेतलं. १८७३ मात्र त्याला घेता येण्यासारखं नव्हतं.

आता दिवे मालवतील. त्या पांढऱ्या कपड्यांतल्या शिक्षकावर नजर ठेवा, तो पडद्यावर फार वेळ राहत नाही. प्रश्न चित्रपटानंतर घेऊ.