पासवर्ड बरोबर होता

(रात्र. दांडिया बाजारातलं आमचं घर. टेबलावर लॅपटॉप.)

2022 साल. माझा भाचा कॉलेजातून आला तो वैतागूनच. "अरे मामा, पासवर्ड बरोबरच आहे! फोन त्याच पासवर्डनं जोडला जातोय." लॅपटॉपवर त्यानं नुकतंच उबुंटू 22.04 ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. पासवर्ड घातला की चौकट जायची, वाय-फायचं चिन्ह जरा वेळ फिरायचं, की चौकट पुन्हा पुढ्यात.

कॉलेजचं वाय-फाय घरच्यासारखं नसतं. तिथे ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड. तो उघड्यावर जाऊ नये म्हणून लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात आधी टीएलएसची, म्हणजे सांकेतिक भाषेत बोलायच्या पद्धतीची, बंदिस्त वाट तयार होते. पासवर्डची पाळी त्यानंतर. इथे वाटच तयार होत नव्हती. पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलाच नव्हता, आणि लॅपटॉप मात्र मागत होता पासवर्डच. पोराचा दिवस त्यात गेला.

(लॉगची ओळ, अगदी जवळून.)

डब्ल्यूपीए सप्लिकंट म्हणजे लॅपटॉप वाय-फायला जोडणारा प्रोग्रॅम. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ही ओळ सापडली: अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड. म्हणजे, नव्यानं बोलणी करायची जुनी, असुरक्षित पद्धत बंद आहे.

या ओळीची गोष्ट 2009 पासूनची. जोडणी चालू असताना दोन्ही बाजू नव्यानं बोलणी करतात, तिथे टीएलएसचा कच्चा दुवा सापडला: मधला कुणी आपला मजकूर आधीच घुसवून ठेवू शकत होता. 2010 मध्ये आरएफसी 5746 हे इंटरनेटचं मानक आलं आणि दोघांनी एकमेकांना द्यायची खूण ठरली. काही जुने सर्व्हर ती देतच नाहीत. टीएलएसचं काम करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरनं त्यांना वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं, 3.0 या आवृत्तीपासून नकार दिला. उबुंटू 22.04 मध्ये हीच 3.0 आहे. लॅपटॉप सावध झाला होता, आणि मला तो सावधपणा मोलाचा वाटतो.

म्हणूनच ओपनएसएसएलच्या मुख्य कॉन्फिग फाइलीत जुन्या सर्व्हरना सरसकट मुभा देणं मला पटत नाही. ती फाइल वाचणाऱ्या इतर प्रोग्रॅमनाही ती मुभा मिळते. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी तर बंद करूच नये. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणीही मांडू शकतं.

डब्ल्यूपीए सप्लिकंटसाठी आलेला पॅच, म्हणजे छोटी दुरुस्ती, नेमका आहे. 'लेगसी सर्व्हर कनेक्ट' हा पर्याय तो चालू करतो, पण वाय-फायच्या ओळखतपासणीपुरताच.

(सकाळ. कॉलेजचा व्हरांडा.)

घरच्या नेटवर अपडेट घेऊन भाचा कॉलेजात गेला. चौकट एकदाच आली.

सर्व्हर मात्र अजून जुनाच. त्यासाठी त्यानं कॉलेजला अर्ज केला, आणि लॉगमधली ती ओळ जशीच्या तशी त्यात उतरवून दिली.