आईच्या आईची आई: सुरतेच्या एलिझाचा माग

नमस्कार मंडळी. आधी एक करा. आईचं नाव घ्या, मग आजीचं, मग तिच्या आईचं. अडलात ना? वडिलांकडची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळतात. लग्नात बाईचं आडनाव बदलतं, कधी नावही, आणि दोन पिढ्यांत माग पुसला जातो.

अशीच एक बाई म्हणजे एलिझा केवार्क. दोनशे वर्षांपूर्वी ती सुरतेत थिओडोर फोर्ब्स या स्कॉटिश माणसाबरोबर राहायची. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. १८१२ साली त्यांना मुलगी झाली, कॅथरीन. घरात तिला किटी म्हणत. पुढे फोर्ब्स मुंबईला गेला, एलिझा सुरतेतच राहिली. किटीला तर सहाव्या वर्षी जहाजात बसवून स्कॉटलंडला धाडलं. सहाव्या वर्षी! फोर्ब्स १८२० साली मायदेशी परतताना समुद्रातच वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्या लेकरांच्या आईला काय म्हटलं? ‘हाउसकीपर’. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

किटीच्या वंशजांमध्ये एवढंच सांगितलं जाई की एलिझा आर्मेनियन होती. याच किटीच्या लेकीच्या लेकीच्या लेकीची लेक म्हणजे राजकुमारी डायनाची आई. म्हणजे एलिझापासून डायनाचा मुलगा प्रिन्स विल्यम याच्यापर्यंत मधे एकही पुरुष नाही. सगळी माळ लेकींची.

ही माळ महत्त्वाची, कारण आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांचा) स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. मुलग्यालाही मिळतो, पण तो पुढे देत नाही. पिढ्या गेल्या तरी त्यात क्वचितच एखादं अक्षर बदलतं.

२०१३ साली एडिंबरा विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ जिम विल्सन यांनी याच माळेतल्या दोन नातेवाइकांची लाळ तपासली. विल्यमची नव्हे, त्याची गरजच नव्हती. दोघांच्याही या डीएनएचा गट, म्हणजे आईकडून चालत आलेली वंशशाखा, निघाला आर ३० बी. तोवर हा गट आणखी फक्त १४ जणांत सापडला होता. त्यातले १३ भारतीय, एक नेपाळी.

‘विल्यम भारतीय निघाला’ असे मथळे लगेच झळकले. मला ते पटत नाही. सात पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाचे १२८ पूर्वज होतात आणि एलिझा त्यातली एक. शिवाय ही चाचणी फक्त तिच्या आईकडची बाजू सांगते. तिचे वडील आर्मेनियन असू शकतात. सुरतेत आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती होतीच. ‘केवार्क’ हे नाव आर्मेनियन ‘केवोर्क’च्या जवळचं आहे आणि तिच्या पत्रांत आर्मेनियन लिपीतली अक्षरंही दिसतात. वडील आर्मेनियन, आई इथली, असं धरलं तर कागद आणि लाळ दोन्ही जुळतात.

आता तुमच्या घरचं बघू, कारण इथे हमखास चूक होते. वडिलांच्या आईचं मूळ शोधायचंय? मग स्वतःची लाळ देऊ नका. तुमच्यात आहे तो तुमच्या आईचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. वडिलांची द्या, नाहीतर आत्याची. दोघंही नसतील तर आत्येभाऊ किंवा आत्येबहीण चालेल. आईच्या आईसाठी मामा चालेल, मावशी चालेल, मावसभाऊ चालेल. मामेभाऊ मात्र चालणार नाही, तो मामीचा डीएनए घेऊन आलाय. आणि घरात म्हातारी आत्या असेल तर लाळ घेताना तिच्याजवळ जरा बसा, तिला आईचं माहेर विचारा. ते गाव कुठल्याच अहवालात छापून येत नाही.

एलिझाचा हा डीएनए विल्यम आणि हॅरीच्या मुलांकडे नाही, त्यांच्याकडे त्यांच्या आयांचा आहे. पण डायनाच्या दोन्ही बहिणींना मुली आहेत. सुरतेहून निघालेली ती माळ त्यांच्याकडून पुढे चालली आहे.