11 जागांची उणीव

2012 साली नागपूर महानगरपालिकेत 145 जागा होत्या आणि बहुमताचा आकडा होता 73. निकाल लागला तेव्हा भारतीय जनता पक्ष 62 जागांवर थांबला होता. काँग्रेसला 41, बहुजन समाज पक्षाला 12, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांना प्रत्येकी 6, तर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला 2 जागा मिळाल्या होत्या. उरलेल्या 16 जागांवर अपक्ष आणि एरवी मोठ्या सभांच्या बातम्यांत न दिसणारे छोटे पक्ष निवडून आले होते. भाजपला 11 जागा कमी पडत होत्या. शिवसेनेचे 6 सदस्य धरले तरी बेरीज 68 होत होती. तेव्हा अपक्षांना आणि लहान पक्षांच्या नगरसेवकांना सोबत घेऊन ‘नागपूर विकास आघाडी’ उभी राहिली आणि सत्तेचा प्रश्न सुटला.

अशी आघाडी म्हणजे केवळ तोंडी समझोता नसतो. महापालिका कायद्यातील कलम 31-अ निकालानंतर महिनाभराच्या आत आघाडी करण्यास मुभा देते आणि या गटाची नोंद विभागीय आयुक्तांकडे होते. एकदा नोंद झाली की 1986चा सदस्य अनर्हता कायदा लागू होतो, पक्षादेश पाळावा लागतो आणि तो मोडल्यास सदस्यत्वावर गदा येऊ शकते. अपक्ष म्हणून मते मागणारा नगरसेवक आपले स्वातंत्र्य बहुधा याच टप्प्यावर सोडून देतो. त्याच्या मतदाराला हे कितपत ठाऊक असते, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

‘लहान पक्ष’ हा शब्दप्रयोगही जपूनच केला पाहिजे. बसप हा निवडणूक आयोगाच्या लेखी राष्ट्रीय पक्ष आहे, इंडियन युनियन मुस्लिम लीगचे खरे बळ केरळात आहे, आणि तरीही या दोन्ही पक्षांचे नगरसेवक नागपूरच्या सभागृहात बसलेले आहेत. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै 1942 मध्ये याच शहरात झाली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापनाही इथेच झाली. फेडरेशनचे हत्ती हे निवडणूक चिन्ह रिपब्लिकन पक्षाकडे आले आणि पुढे बसपकडे गेले. रिपब्लिकन पक्षाचे गट पडत गेले तरी उत्तर नागपुरातील या परंपरेच्या मतदाराची राजकीय सवय मोडली नाही. 2014च्या विधानसभा निवडणुकीत या मतदारसंघात बसपचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता आणि काँग्रेस तिसऱ्या, ही गोष्ट लहान-मोठ्याचा हिशेब मांडणाऱ्याने विसरू नये.

आता प्रभागरचनेकडे येऊ, कारण लहान पक्षाचे भवितव्य मतदानाच्या कितीतरी आधी इथे ठरते. नागपुरात 2007 साली एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडून जात होता. 2012 मध्ये प्रभाग दोन सदस्यांचा झाला आणि 2017 मध्ये चार सदस्यांचा. 2011च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 24 लाख धरली, तर दोन सदस्यांच्या प्रभागात सरासरी 33 हजार लोक येतात आणि चार सदस्यांच्या प्रभागात जवळपास 64 हजार. एखाद्या वस्तीत पंधरा-वीस वर्षे नळ, गडर (गटार) आणि रेशनकार्डाची कामे करून नाव कमावलेल्या कार्यकर्त्याला एवढ्या पसरलेल्या प्रभागात आपले नाव पोहोचवणे अवघड जाते. शिवाय मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात आणि मोठा पक्ष चौघांच्या पॅनेलसाठी एकाच चिन्हावर मते मागतो. लहान पक्षाला मात्र त्या जागांच्या आरक्षणांत बसणारे चार उमेदवार उभे करतानाच दमछाक होते.

2017चा निकाल याच चौकटीतून आला. 151 पैकी भाजपला 108, काँग्रेसला 29, बसपला 10, शिवसेनेला 2, राष्ट्रवादीला 1 आणि अपक्षांमध्ये फक्त एकाला जागा मिळाली. अर्थात, भाजपच्या त्या लाटेचे सगळे श्रेय प्रभागरचनेला देणे अन्यायाचे होईल. पण बसप 12 वरून 10 वरच उतरली, कारण तिची मते मुख्यतः उत्तर नागपुरात एकवटलेली होती. ज्यांची मते शहरभर विखुरलेली होती, ते जवळजवळ पुसले गेले.

उमेदवारी अर्जांच्या दिवसांत लहान पक्षांचा आणखी एक उपयोग दिसतो. मोठ्या पक्षाने तिकीट नाकारलेला इच्छुक शेवटच्या दिवशी एखाद्या छोट्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, मिळवतो. पक्षाला आयता उमेदवार मिळतो, उमेदवाराला चिन्ह मिळते, आणि विचारसरणीची चौकशी कोणी करत नाही. मग हरलेला मोठा पक्ष ‘यांनी आमची मते खाल्ली’ अशी तक्रार करतो. या तक्रारीत मते मुळातच आपल्या मालकीची होती, हे गृहीत धरलेले असते.

सभागृहातही संख्येचे गणित पुढे चालूच राहते. स्थायी समितीत 16 सदस्य असतात आणि त्या जागा तौलनिक संख्याबळाने वाटल्या जातात. 151 मध्ये 10 नगरसेवक असलेल्या पक्षाच्या वाट्याला साधारण एक जागा येते; दोन नगरसेवकांच्या पक्षाला एकही नाही. पैशाचे निर्णय ज्या खोलीत होतात तिथे तो एकटा सदस्य काही अडवू शकत नाही, मात्र प्रश्न विचारून ते इतिवृत्तात नोंदवू शकतो. शहराच्या दहा झोनमध्ये चित्र वेगळे असते. सबंध शहरात तुरळक असलेला पक्ष आशीनगरसारख्या झोनच्या समितीत वजनदार ठरू शकतो, आणि गल्लीतला रस्ता किंवा नाला यांच्यासाठी लोक जातात ते झोन कार्यालयातच.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक नेमला गेला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणूक लांबत गेली, ती थेट 15 जानेवारी 2026 पर्यंत. या काळात शहरातील सहाही आमदार भाजप किंवा काँग्रेसचे होते. त्यामुळे नगरसेवक नसला तरी या दोन पक्षांच्या कार्यकर्त्याला आमदाराच्या कार्यालयातून अधिकाऱ्याला फोन करवून घेता येत होता. बसपच्या किंवा मुस्लिम लीगच्या कार्यकर्त्याला त्या जवळपास चार वर्षांत शहरातून थेट निवडून आलेला आपला एकही प्रतिनिधी उरला नव्हता, आणि वस्तीतला अर्ज घेऊन त्याला दुसऱ्या पक्षाच्या आमदाराकडे किंवा झोनच्या सहायक आयुक्तांच्या दालनाबाहेर जाऊन बसावे लागत होते.