अर्धी राहिलेली गोधडी: आधी उसवा, मग शिवा

मंडळी, पेटीच्या तळाशी पडलेली अर्धी गोधडी बाहेर काढली की हात आधी सुईकडे जातो. तो आवरा. पहिलं काम कात्रीचं आहे.

अर्ध्यावर सोडलेली गोधडी होती तशी राहत नाही, निदान आपल्या किनारपट्टीवर तरी नाही. चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा. टाचण्या तशाच ठेवल्या असतील तर त्या गंजतात नि प्रत्येकीखाली तांबूस ठिपका उमटतो. कपड्यात कांजी राहिली असेल तर कसर लागते. तिला कांजी हवी असते, पण तिच्याबरोबर सूतही कुरतडलं जातं. घडी जिथे मोडली तिथे कापड विरतं. शिवलेला भाग घट्ट, न शिवलेला मोकळा, त्यामुळे आतले थर सरकून एका अंगाला गोळा होतात, हे वेगळंच.

तेव्हा आधी दोन उन्हं दाखवा. गंजाच्या ठिपक्यांवर लिंबाचा रस नि मीठ लावून उन्हात ठेवा आणि तेवढी जागा साध्या पाण्याने नीट धुऊन काढा. रस तसाच सुकू दिला तर डाग जाईल, पण कापडही कमजोर होईल. मग कापड उजेडासमोर धरा, दोन अंगठ्यांत धरून उभं नि आडवं ताणून बघा. चर्र झालं की त्या जागी वरून ठिगळ. ठिगळाची लाज कसली? गोधडी म्हणजे ठिगळंच.

आता उसवण्याकडे येऊ. गोधडी काठापासून सुरू करून चौकोनात आत आत शिवत जाण्याची आपली रीत. रीत चांगली आहे, पण थर आधी कच्च्या टाक्यांनी बांधले असतील तरच. नसतील तर प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा झोळ आत ढकलला जातो नि मधे फुगा उभा राहतो. तो दाबून शिवला की चुण्या पडतात. पुष्कळ गोधड्या याच फुग्यापाशी येऊन थांबतात. 'वेळ मिळाला नाही' हे मागाहून सुचलेलं कारण. उपाय एकच. एका बाजूच्या सगळ्या ओळी थेट काठापर्यंत उसवा. खळ्यात चटई टाकून गोधडी पसरा, कोपऱ्यांवर न सोललेले नारळ ठेवा. मधून त्या मोकळ्या काठाकडे तळव्याने झोळ सारत न्या. काठाबाहेर आलेलं जास्तीचं कापड कापा. मग मधून बाहेर, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. एवढं झालं की पुढे चुकायला फारशी जागा उरत नाही.

थर किती? नऊवारी लुगडं २७ फूट लांब; त्याचे पावणेसात फुटांचे चार तुकडे होतात. पन्हा साधारण ४ फूट. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची गोधडी बसते, आणि किनाऱ्यावरच्या थंडीला ती पुरते. घाटावरच्यासारखी जाड गोधडी इथे पावसाळ्यात वाळत नाही, कुबट वास धरते. सहा थरांपुढे सुईही अडते. मग लोक दाभण घेतात. दाभणाने जुन्या कापडाला भोकं पडतात. लांब, जाड सुई आणि बोटात अंगुस्तान, एवढं पुरे.

दोऱ्याचा हिशेब आधी करा, कारण मधेच दोरा संपला तर तोच रंग पुन्हा मिळेलच असं नाही. ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर ४८ इंचांत ६४ ओळी. प्रत्येकी पावणेसात फूट म्हणजे ४३२ फूट, सुमारे १३२ मीटर. टाक्याची चढउतार, गाठी, तुकडे धरून १६० मीटर घ्या. दुहेरी दोऱ्याने शिवणार असाल तर दुप्पट. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, त्याऐवजी जुनं सूत कापतो. सुईत एका वेळी हातभरच ओवा. टाका पाव इंचाचा. गाठ थरांच्या आत दडवा. जुन्या ओळीशेजारी नवी ओळ सैल किंवा घट्ट दिसली तर शेवटच्या दोन-तीन जुन्या ओळी उसवून तिथूनच हात जुळवत आणा. मशीनच्या नादी लागू नका: तिचा पाय वरचा थर मागे रेटतो, दाते खालचा पुढे ओढतात, आणि झोळ पुन्हा हजर.

धुवायची ती रिठ्याच्या पाण्यात. पिळू नका. वाळत घालताना एका दोरीवर नको, दोन समांतर दोऱ्यांवर. ओल्या गोधडीचं सगळं वजन एकाच रेघेवर आलं की जुनं कापड तिथेच फाटतं. पेटीत प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या धोतरात गुंडाळा आणि दर दोन महिन्यांनी घडी दुसरीकडे मोडा.